शिकाऊ हात व दुसऱ्याचा जीव

सुताराचा पोरगा करवत धरावयास शिकतो, तेव्हां दोनचार फळ्या फुकट जातात. त्यांची किंमत धनी सोसतो आणि पोरगा पुढें कारागीर होतो. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं, त्यांत शिकणाऱ्याच्या हाताखालीं लांकूड नसून माणूस असतो. वकिली, न्यायाधीशाचें काम, पोलिसाची चाकरी, आग विझविणाऱ्यांची सेवा हीं त्यांपैकींच होत. येथें शिकणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या जमिनीवर, अब्रूवर किंवा जिवावर बेतते. शिकणें तर अवश्य आहे. पण त्या शिकण्याचें मोल कोणीं द्यावें, असा आमचा आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, आधीं पुस्तकें वाचून परीक्षा द्यावी, म्हणजे झालें. अनुभव तसा नाहीं. मोहनदास गांधी 1888 सालीं विलायतेस गेले आणि 1891 च्या जून महिन्यांत बॅरिस्टर झाले. तरी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत साक्षीदाराची उलटतपासणी करावयास ते उभे राहिले, तेव्हां त्यांच्या तोंडून शब्द निघेना. फी परत घेऊन दुसरा वकील करा, असें त्यांनीं सांगितलें. ही हकीकत त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत लिहिली आहे. पुढें 1893 सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. तेथें प्रिटोरिया शहरीं दादा अब्दुल्ला ह्यांच्या दाव्याचे कागद तपासतां तपासतां व अनुभवी वकिलांचें काम पाहतां पाहतां ते वकिली शिकले. आणि अखेर दोन्ही पक्षांस लवादापुढें नेऊन तो तंटा मिटला. पदवीनें जें दिलें नाहीं, तें सोबतीनें दिलें.

परंतु आपलें अज्ञान ओळखून फी परत करणारा नवशिका विरळा. पैसेवाला मनुष्य नामांकित वकिलाकडे जातो. ज्यास दुसरा कोणी परवडत नाहीं, तो नवशिक्याच्या वांट्यास येतो. म्हणजे धडा एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, तीही बहुधा गरिबाची. हा उघड अन्याय आहे.

आपल्या देशांत ह्यावर उपाय शोधण्याचे यत्न झाले आहेत. सनद मिळण्यापूर्वीं एक वर्ष उमेदवारी करावी, असा नियम बार कौन्सिलनें 1995 सालीं केला. तो सर्वोच्च न्यायालयानें 1999 सालीं रद्द केला. कारण असा नियम करण्याचा अधिकार कायद्यानें कौन्सिलास दिलेला नव्हता. न्यायाधीशांविषयीं मात्र त्याच न्यायालयानें 20 मे 2025 रोजीं असा निर्णय दिला कीं, दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवर येऊं इच्छिणाऱ्यानें आधीं निदान तीन वर्षें वकिली केलेली असावी. लोकांचा जीव, स्वातंत्र्य, मिळकत व अब्रू ह्यांचे प्रश्न न्यायाधीशापुढें पहिल्याच दिवसापासून येतात, आणि केवळ पुस्तकी विद्या तेथें पुरत नाहीं, हें त्याचें कारण.

हें योग्यच आहे. पण गरिबाच्या मुलानें तीं तीन वर्षें काय खावें? इंग्लंडांत 1729 च्या कायद्यानें ॲटर्नी व सॉलिसिटर होण्यास पांच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली; परंतु उमेदवारास घेतांना धनी भारी रक्कम मागत, म्हणून तें दार गरिबांस बंदच असे. 2016 पासून तेथें निराळी वाट निघाली. शाळा संपविलेला मुलगा किंवा मुलगी वकिलांच्या कचेरींत पगारावर राहते, पांचसहा वर्षें काम करीत शिकते, आणि शेवटीं पदवीधरांच्याच परीक्षेस बसते. आपल्याकडे भारतीय बार कौन्सिलनें ऑक्टोबर 2024 मध्यें ज्येष्ठ वकिलांस अशी शिफारस केली कीं, कनिष्ठांस दरमहा शहरांत 20,000 व खेड्यांत 15,000 रुपये द्यावे. ही शिफारस होती, सक्ती नव्हती. उपाशी उमेदवार पक्षकाराच्या खिशाकडे पाहूं लागला, तर दोष एकट्या त्याचाच कसा म्हणावा?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. उमेदवार केवळ हुन्नर शिकत नाहीं. तो धन्याची चालही शिकतो. ठाण्यावर आलेल्या फाटक्या मनुष्यास हवालदार बसावयास सांगतो कीं हांकून देतो, हें नवा शिपाई पाहत असतो. वकील हरणारा दावा पैशासाठीं लांबवितो कीं मिटवितो, हें त्याचा कनिष्ठ पाहत असतो. पुस्तकांत कायदा लिहिलेला असतो. सदसद्विवेक डोळ्यांनीं शिकला जातो.

14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन नांवाच्या जहाजाचा स्फोट झाला, आणि आग विझविण्यास गेलेले 66 जवान मेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशांत दरवर्षीं पाळतात. जेथें शिकलेल्याचाही जीव जातो, तेथें न शिकलेल्यास एकटें पुढें लोटणें हें त्यास शौर्य शिकविणें नव्हे. तो लोटणाऱ्याचा अपराध होय.

तेव्हां आमचें मत असें कीं, शिकण्याचें मोल शिकविणाऱ्यानें द्यावें. त्यानें उमेदवारास पोटापुरता पगार द्यावा, कठीण प्रसंगीं त्याच्या शेजारीं उभें राहावें, आणि त्याची चूक आपली म्हणून पदरीं घ्यावी. जो इतकें करणार नाहीं, त्यानें उमेदवार ठेवूं नये.

वाचकहो, आपलीं मुलेंमुलीं ह्या कामांकडे जाऊं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांस पाठवितांना पगार किती एवढेंच विचारूं नका. हाताखालीं कोणाच्या, हेंही विचारा. आणि तुमचा दावा एखाद्या नवशिक्या वकिलाकडे गेला, तर तुमच्या पाठीशीं कोण आहे, असें त्यास नम्रपणें विचारण्यास भिऊं नका. चांगल्या उमेदवारास त्या प्रश्नाचा राग येणार नाहीं.