जमिनीखालची केळ

इंग्लंडमधल्या एका गावात एक म्हातारा माळी राहत होता. त्याच्या परसात केळ होती. मुसा बासजू, म्हणजे जपानी केळ. हिचं फळ बियांनी भरलेलं, खाण्याजोगं नसतं; पण थंडी सोसावी तर हिनेच. हिवाळ्यात पहिलं दव गोठलं की तिची पानं काळी पडत. मग म्हातारा ती छाटी, खोडाभोवती जाळी उभी करी, तीत कोरडा पेंढा ठासून भरी आणि वर झाकण ठेवी. थंडीपेक्षा ओल वाईट, असं तो म्हणे.

शेजारी जळगावकडची एक बाई राहत होती. गणपतीत नैवेद्यासाठी म्हातारा तिला न मागता एक पान कापून देई.

2010 सालचा डिसेंबर आला. शंभर वर्षांत तिथे इतका थंड डिसेंबर झाला नव्हता. वसंतात म्हाताऱ्याने पेंढा काढला, तर खोड पिचपिचीत झालेलं. एप्रिल सरला, मे उजाडला, कोंब दिसेना. शेवटी त्याने कुदळ आणली.

बाई कुंपणापाशी आली. म्हणाली, "थांबा आजोबा. एकदा वादळात आमची अख्खी बाग आडवी झाली होती. वडिलांनी एकही कंद उपटला नाही."

"मग?"

"पडलेली खोडं कापली. कंदांतून पिलं फुटली."

तिने विळा मागून घेतला. कुजलेली सोपटं एकेक करून सोलत ती खाली गेली. मातीलगत पांढरा, टणक कंद लागला. तिने त्यावर माती ओढली.

केळीचं जे खोड आपण पाहतो, ती एकमेकांवर गुंडाळलेली सोपटंच असतात. खरं खोड म्हणजे जमिनीतला तो कंद. गेलं म्हणून आपण ज्याच्यावर कुदळ उचलतो, त्यातलं कितीतरी असं खाली जिवंत असतं.

जूनमध्ये तीन पिलं वर आली. दोन म्हाताऱ्याने ठेवली, तिसरं मुळांसकट काढून बाईला दिलं. आता लावायचं कुठे? तो म्हणाला, दक्षिणेच्या भिंतीपाशी, तिथे वाऱ्याने पानं फाटणार नाहीत. ती म्हणाली, केळ मोरीच्या पाण्यावरच पोसते. अखेर केळ भिंतीपाशी लागली, आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बाई रोज बादलीने तिथे नेऊ लागली.