मंत्र तिचा, नजर कुणाची?

१९८३ सालच्या जुलैत जपानमध्ये 'क्रीमी मामी' ही कार्टून मालिका सुरू झाली. तिची नायिका यू ही शाळकरी मुलगी. तिला एका वर्षाच्या बोलीवर जादूची कांडी मिळते. कांडी फिरवली की ती मोठी मुलगी होते आणि बघता बघता देशभर गाजणारी गायिका बनते. अट एकच, हे गुपित कुणाला कळता कामा नये. यूचा बालमित्र तोशिओ या गायिकेवर लट्टू होतो आणि तिच्याबद्दल यूजवळच भरभरून बोलतो. यू ते ऐकत राहते. ज्या मुलीपायी तो आपल्याकडे पाहत नाही ती आपणच आहोत, हे तिला सांगता येत नाही.

रोमँटिक कॉमेडीचा याहून नेटका सांगाडा मला माहीत नाही. मराठी रसिकाला तो परकाही वाटायचा नाही. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत सौभद्र'ची सारी गंमत अशाच एका सोंगावर उभी आहे. यतीच्या वेषातला अर्जुन समोर बसलेला असतो आणि सुभद्रा त्याच्यासाठीच झुरत असते. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो हसतो. सुभद्रेला ठाऊक नसतं, म्हणून त्याचा जीव कळवळतो. 'क्रीमी मामी'त सोंग नायिकेचं आहे आणि प्रेक्षक तिच्या बाजूने बसलेला आहे. गुपित जिचं, कथाही तिची. जपानमधल्या जादुई मुलींच्या कथापरंपरेचा हा कणा आहे, आणि तो मोडला की काय होतं हे या लेखात मला पाहायचं आहे.

या परंपरेची सुरुवात टीव्हीवर १९६६ साली 'सॅली द विच'पासून झाली. मित्सुतेरु योकोयामा यांच्या या चित्रकथेमागे 'बिविच्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेची प्रेरणा होती. तिथली गृहिणी नवऱ्याखातर जादू दडवते. सॅली ही जादूनगरीतून आलेली मुलगी मैत्रिणींपासून दडवते. शेवटी शाळेला आग लागते, ती उघडपणे जादू वापरते आणि तिला परत जावं लागतं. पुढे १९९२च्या 'सेलर मून'मध्ये जादुई मुलींचा लढवय्या संघच तयार झाला, पण प्रेमातला विनोद जुन्याच मातीतून उगवला: उसागी आणि मामोरू दिवसा रस्त्यात भेटले की भांडतात, रात्री तोच मुखवटा लावून तिला वाचवतो, आणि बराच काळ दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

आता दुसरा प्रवाह. व्हिज्युअल नॉव्हेल हा वाचायचा खेळ आहे. मागे एखाद्या वर्गाचं किंवा गल्लीचं चित्र, पुढे बोलणारं पात्र, खाली चौकटीत मजकूर. बटण दाबलं की पुढची ओळ. मधूनच थांबून दोन-तीन पर्याय समोर येतात: तिच्याबरोबर घरी जायचं की वाचनालयात थांबायचं? त्या निवडींवर कथा वेगवेगळ्या वाटांनी जाते. खेळणारे त्यांना 'रूट' म्हणतात. बहुतेक वेळा एका नायिकेचा एक रूट. जागा 'सेव्ह' करून ठेवता येते, चुकलं तर तिथून पुन्हा सुरू करता येतं. युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' हा १९८३ सालचा खुनाच्या तपासाचा खेळ या घराण्याचा पूर्वज मानतात. १९९४च्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने शाळकरी प्रेमाची तीन वर्षं खेळात बसवली. 'लीफ' या संस्थेने १९९६पासून आपल्या मालिकेला व्हिज्युअल नॉव्हेल हे नाव दिलं, आणि १९९७च्या तिच्या 'टू हार्ट'ने गुणांची गणितं बाजूला सारून रोजच्या गप्पांनाच कथेचं वजन दिलं. संगणकावरच्या या खेळांचा मोठा हिस्सा प्रौढांसाठी म्हणून विकला जाई. मुलीला वस्तू करणारं पुष्कळ काही त्या बाजारात होतं. त्याचं समर्थन मी करणार नाही.

हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा वरवर एवढंच घडलं, की खेळातल्या चार-पाच नायिकांपैकी एखादी जादुई निघू लागली. शाळेत गुणी, अबोल असणारी मुलगी रात्री कांडी घेऊन कुठल्याशा संकटाशी झुंजते. नायकाला अपघाताने ते कळतं. आता तो तिच्या गुपिताचा वाटेकरी, आणि तिथून धांदल, लाजणं, गैरसमज सुरू. पण मुळात फार मोठी उलथापालथ झाली होती. या खेळांत कथा सांगतो तो मुलगा. वाचकाला त्याचं मन शब्दाशब्दाने वाचायला मिळतं. तिचं मिळतं ते फक्त बोलणं आणि चेहरा. म्हणजे 'क्रीमी मामी'चा प्रेक्षक यूच्या खांद्यामागे उभा होता, तो इथे तोशिओच्या जागी आणून बसवला गेला.

याने काही मिळालंही, हे मान्य केलं पाहिजे. टीव्हीवरच्या जादुई मुलीचं रूपांतर हा सोहळा असतो. फिती, प्रकाश, संगीत, आणि दर भागात तेच चित्रण पुन्हा, कारण त्याने खर्च वाचतो आणि पुरस्कर्त्यांच्या खेळण्यातल्या कांड्या खपतात. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये हलती चित्रं जवळपास नसतातच. पडदा पांढरा होतो, एक आवाज येतो, वेष बदललेला असतो. सोहळा आटतो आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची घालमेल वाढते: सांगावं की नाही, त्याने पाहिलं तर नसेल, पाहिलं असेल तर तो उद्या कसा वागेल. कादंबरीला जमणारं हे रेंगाळणं कार्टूनच्या वीस-बावीस मिनिटांत मावत नाही. शिवाय विनोदाचं टायमिंग इथे वाचकाच्या बोटात असतं. लेखक वाक्य मधेच तोडतो. बटण दाबेपर्यंत उरलेलं वाक्य येत नाही. दाबल्यावर त्याच उभ्या चित्राच्या भुवया तेवढ्या बदललेल्या असतात. सगळं हसू त्या भुवयांत. ही बारीक कारागिरी ज्यांनी साधली त्यांना मी लेखक मानतो, खेळाचे कारागीर म्हणून बाजूला काढत नाही.

तरीही जे गमावलं ते मोठं आहे. हिरोकी अझुमा या विचारवंताने २००१च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की या संस्कृतीचा ग्राहक पात्रं सुट्या लक्षणांतून जुळवू लागला आहे: मांजरीचे कान, मोलकरणीचा पोशाख, केसांची एक उभी बट. जादुई मुलीचा वेषही त्या कोठारात जमा झाला. वेष राहिला आणि त्याच्यामागचं गुपित नाहीसं झालं. ज्या मुलीच्या कथेत मुळात 'मी कोण आहे हे मी ठरवीन' एवढा धीट विचार होता, ती एखाद्याच्या रूटच्या शेवटी मिळणारं बक्षीस झाली. अशा खेळात तिची जादू हा तिच्या स्वभावावरचा झगमगीत मुलामा असतो. तो काढला तरी कथेचं काही अडत नाही. जादुई नायिकेच्या रोमँटिक कॉमेडीची माझी कसोटी हीच आहे: जादू काढून घेतली तर कथा कोसळते का?

या अडचणीतून वाटा निघाल्या, त्या शोधणारे लोक त्याच उद्योगातले होते. 'ट्रँगल हार्ट ३' हा २००० सालचा असाच प्रेमकथांचा खेळ. नानोहा ही त्यातल्या नायकाची धाकटी बहीण, दुय्यम पात्र. पुढच्या वर्षीच्या पुरवणी-संचात लेखक मासाकी त्सुझुकी यांनी तिला कांडी देऊन जादुई मुलींच्या मालिकांची एक छोटी नक्कल रचली. गंमत म्हणून केलेली ही गोष्ट इतकी सकस निघाली, की २००४ साली तिची स्वतंत्र टीव्ही मालिका झाली. त्या मालिकेत खेळाचा नायक घरातला मोठा भाऊ म्हणून अधूनमधून दिसतो, बस्स. ज्याच्या डोळ्यांनी सगळं जग दिसत होतं तो जेवणाच्या टेबलाशी बसलेला एक माणूस उरला, आणि कथेचा भार नानोहा आणि तिची आधीची वैरीण फेट या दोघींच्या मैत्रीने उचलला. मला हा इतिहास फार बोलका वाटतो. ती मोकळी झाली, कारण तिच्याकडे पाहणारा कथेच्या मध्यातून बाजूला झाला.

दुसरी वाट त्याआधीच बायकांनी काढली होती. केइको एरिकावा यांच्या पुढाकाराने 'कोएई' कंपनीत स्त्रियांचा एक गट उभा राहिला आणि १९९४ साली 'अँजेलिक' आला. मुलींसाठीच्या प्रेमखेळांची सुरुवात इथून धरतात. त्यातली अँजेलिक ही विश्वाची पुढची राणी होण्याच्या परीक्षेला बसलेली साधी शाळकरी मुलगी. तिच्यासमोर नऊ रक्षक आणि एक प्रतिस्पर्धी मुलगी, रोझालिया. एखाद्या रक्षकाशी प्रेम जुळलं तर तिला राणीपदावर पाणी सोडावं लागतं. म्हणजे सामर्थ्य की प्रेम, हा प्रश्न तिच्यासमोर निवड म्हणून येतो आणि उत्तर देणारं बोटही तिच्याच बाजूचं. हा पेच मला पटत नाही. दोन्ही का नाही, असं विचारावंसं वाटतं. पण प्रश्न तिच्यापुढे ठेवला गेला, तिच्याबद्दल दुसऱ्या कुणापुढे नाही, हे मोल कमी नाही.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण मनात घर करून राहिली आहे. 'साकुरा वॉर्स' या १९९६च्या खेळात रंगमंचावर नाटकं करणाऱ्या आणि गुपचूप आपल्या आत्मिक शक्तीने शहर राखणाऱ्या मुली आहेत. तिथे पर्याय निवडायला मोजका वेळ मिळतो. वेळ संपेपर्यंत काही निवडलं नाही तर गप्प राहणं हेच उत्तर धरलं जातं, आणि काही प्रसंगी तेच योग्य असतं. प्रेमकथेत समोरच्या माणसाला बोलू देणं हाही एक निर्णय आहे, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा या युक्तीने चांगलं शिकवलं.

आणि मग २०११चं 'मादोका मॅजिका'. दिग्दर्शक अकियुकी शिन्बो. नानोहाची पहिली मालिका त्यांचीच. लेखक गेन उरोबुची, व्हिज्युअल नॉव्हेल लिहून घडलेले. ही रोमँटिक कॉमेडी नव्हे, शोकांतिकेच्या अंगाने जाणारी कथा आहे. तरी हिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. होमुरा ही मुलगी मादोकाला वाचवण्यासाठी तोच महिना पुन्हा पुन्हा जगते. दर वेळी हरते, दर वेळी मागे जाते. दहाव्या भागात हे उलगडतं तेव्हा व्हिज्युअल नॉव्हेल खेळलेल्या प्रत्येकाला स्वतःचा हात ओळखू येतो: चुकलं, लोड केलं, पुन्हा. फरक एवढाच, की इथे प्रत्येक फेरीचं ओझं मादोकावरच साचत जातं. जिला वाचवायचं तिचंच भवितव्य वाचवणाऱ्याच्या हट्टाने जड होतं. शेवटी निर्णय मादोका घेते, आणि होमुराला तो मान्य करावा लागतो. नायिकेला जिंकायची वस्तू करणाऱ्या सगळ्या खेळांना दिलेलं याहून सखोल उत्तर मी पाहिलेलं नाही. २०१७च्या 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' या अमेरिकन खेळात मोनिका या मुलीला आपण खेळात आहोत आणि आपल्याला रूटच नाही हे कळतं, आणि ती बंड करते. तेही याच प्रश्नावर बोट ठेवतं, पण तिथला भर धक्क्यावर जास्त आहे.

मग हलकीफुलकी, हसवणारी, प्रेमाची गोष्ट जादुई नायिकेला मिळूच नये का? मिळावी. माझं म्हणणं उलट असं आहे, की रोमँटिक कॉमेडी आणि जादुई मुलीची कथा या दोन प्रकारांची जात एकच आहे. एकात प्रेम सांगायचं राहिलेलं असतं, दुसऱ्यात जादू. दोन्ही एकाच जिभेवर अडलेल्या गोष्टी आहेत. व्हिज्युअल नॉव्हेलला त्या अडलेल्या क्षणात वाचकाला बसवता येतं, परत मागे नेऊन तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने वाचायला लावता येतं. पहिल्या वाचनात जे मुलाला विचित्र वागणं वाटलं, ते दुसऱ्या वाचनात तिच्या मनातून दिसलं, तर हसू तेच राहतं पण त्याचं माप बदलतं. ज्या खेळांत नायिकेला काही प्रसंगांपुरता तरी आपला आवाज मिळतो, तिथे हे घडतं. आणि जिथे प्रेम जुळल्यावर तिची कांडी काढून घेतली जात नाही, तिथे ते पूर्णत्वाला जातं.

हे सारं मराठीत लिहिण्याचं कारण केवळ ओळख करून देणं एवढंच नाही. व्हिज्युअल नॉव्हेल बनवण्याचं 'रेनपाय' नावाचं फुकट मिळणारं साधन २००४पासून उपलब्ध आहे. मोनिकाचा खेळ त्यातच बनला. त्यात लिहायची पद्धत नाटकाच्या संहितेच्या जवळची आहे, डावीकडे पात्राचं नाव आणि पुढे संवाद. अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरीसारख्या लिपीतली जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोयही आली आहे. सोंग, गुपित आणि संगीत यांच्या जोरावर प्रेमाची गंमत रंगवणाऱ्या नाटकांची दीडशे वर्षांची परंपरा आपल्या पाठीशी आहे. चित्रं काढणारे आणि संवाद लिहिणारे तरुण गावोगावी आहेत. त्यांनी एकत्र येऊन एखादी मराठी जादुई मुलगी रचावी, तिच्या प्रेमाची फजिती मनसोक्त रंगवावी, आणि पहिल्या पानापासून कथा तिला स्वतःच सांगू द्यावी.