रिसेप्टरकडे बघा

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन घेणाऱ्या वडिलांचा पीएसए, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन, पुन्हा चढू लागला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: हार्मोनचा उपचार फेल गेला. त्यावरून पुढचा तर्क लढवला जातो. आता या आजाराचा हार्मोनशी संबंधच उरला नाही, मग दर तीन महिन्यांचं ते महागडं इंजेक्शन हवं कशाला? नेमक्या याच काळात मोबाइलवर ‘हार्मोन बॅलन्स’ करणाऱ्या चूर्णांचे व्हिडिओ येऊन पडतात. एकात टेस्टोस्टेरॉन हाच कॅन्सरचा बाप ठरवलेला असतो, तर लगेच पुढच्यात तेच टेस्टोस्टेरॉन वाढवून देण्याचा वायदा असतो. इंजेक्शन थांबवणारे नातेवाईक आणि हे विक्रेते यांची चूक एकच आहे. सगळे फक्त रक्तातल्या हार्मोनकडे बघतात. ते हार्मोन पेशीच्या आत धरून ठेवणारं प्रथिन, म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर, कोणाच्या खिजगणतीतही नसतं. आणि या चुकीची किंमत मोजतो तो आजारी माणूस.

हार्मोनच्या उपचाराची कथा डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांच्यापासून सुरू होते. 1941 मध्ये शिकागोत त्यांनी आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं की रुग्णाच्या रक्तातलं ॲसिड फॉस्फेटेज, म्हणजे तेव्हाची आजाराची खूण, उतरतं आणि टेस्टोस्टेरॉन टोचलं की चढतं. 1966 मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळालं. शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून पुढे टेस्टोस्टेरॉन तळाला नेणारी इंजेक्शनं आली. 1960 च्या दशकाअखेर रिसेप्टरचा छडा लागला आणि 1988 मध्ये त्याचं जनुक हाती आलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणजे ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो, त्याला प्रतिसाद देण्याची क्षमता मुलाला आईकडून मिळते.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो यानंतर काय घडतं याबद्दल. उपचाराने आजार मागे हटतो, पण काही काळाने बहुतेकांत परततो. त्याचं रूढ स्पष्टीकरण असं की कॅन्सरच्या पेशी हार्मोनशिवाय जगायला शिकतात. हे स्पष्टीकरण कित्येक वर्षं टिकलं आणि आजही दवाखान्यांतून सर्रास ऐकू येतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सर्वांत मोठा गैरसमज तोच आहे.

खुद्द हगिन्स यांना ते पटलेलं नसावं. वृषणं काढूनही आजार उलटतो हे दिसल्यावर 1945 मध्ये त्यांनी रुग्णांच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काढून पाहिल्या, कारण थोडं अँड्रोजेन तिथेही तयार होतं. ग्रंथी गेल्यावर शरीराला लागणारं कॉर्टिसोन बाहेरून देण्याची सोय तेव्हा नव्हती, आणि तो मार्ग तेव्हा तरी खुंटला. संशय मात्र योग्य जागी होता.

मग 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक चक्रावून टाकणारी गोष्ट नोंदवली. फ्लुटामाइड हे रिसेप्टरला अडवणारं औषध चालू असताना ज्यांचा पीएसए वाढत होता, त्यांच्यातल्या काहींचं ते औषध बंद केलं, तर पीएसए उतरला. अडवायला दिलेलं औषधच रिसेप्टरला चालू करत होतं. 1995 मध्ये फिनलंडच्या संशोधकांना परतलेल्या गाठींपैकी सुमारे 30 टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. त्याच रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या गाठींत त्या नव्हत्या.

शेवटचा धागा 2004 मध्ये संशोधक चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने जोडला. उंदरांत वाढवलेल्या गाठींच्या सात जोड्या त्यांनी घेतल्या. प्रत्येक जोडीतली एक गाठ उपचाराला दाद देणारी, दुसरी न देणारी. हजारो जनुकं तपासली, तेव्हा सातही जोड्यांत सारखा आढळलेला बदल एकच निघाला: रिसेप्टरचं प्रमाण वाढलेलं होतं. दुष्काळात पाण्याची पातळी खाली गेली की शेतकरी बोअरवर बोअर मारतो, तसं या पेशी करत होत्या. त्यांनी पुढे हेही तपासलं की हार्मोन धरूच न शकणारा रिसेप्टर पेशीत जादा घातला तर काय होतं. तशा पेशींना उपचाराला न जुमानण्याची ताकद आली नाही. म्हणजे हार्मोन लागतच होतं, फक्त अगदी थोडं पुरत होतं.

खरं तर पुरावा रिपोर्टवर आधीपासून छापलेला होता. पीएसएचं जनुक चालू करण्याचं काम अँड्रोजेन रिसेप्टरच करतो. टेस्टोस्टेरॉन तळाला असताना पीएसए चढतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ हाच असतो की रिसेप्टर पुन्हा कामाला लागलाय.

नवी औषधं याच समजुतीतून आली. ॲबिराटेरोन ॲड्रिनलमधली आणि खुद्द गाठीतली अँड्रोजेननिर्मिती रोखतं. केमोथेरपी होऊन गेलेल्या रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यक कालावधी त्याने 10.9 महिन्यांवरून 14.8 वर नेला. एन्झाल्युटामाइड वाढलेल्या रिसेप्टरलाही अडवतं. तशाच रुग्णांत तो आकडा 13.6 वरून 18.4 झाला. आजार खरोखर हार्मोनमुक्त झाला असता, तर यांतलं एकही औषध लागू पडलं नसतं. म्हणूनच ही औषधं सुरू केली तरी मूळ इंजेक्शन सहसा चालूच ठेवतात. ते घरच्या घरी बंद करणं म्हणजे वाढलेल्या रिसेप्टरपुढे पुन्हा भरपूर हार्मोन आणून ठेवणं आहे.

माझ्या म्हणण्याला एक खरा आक्षेप आहे, आणि तो 2014 मध्ये समोर आला. काही रुग्णांत एआर-व्ही7 नावाचा तुटका रिसेप्टर सापडतो. हार्मोन धरणारा भागच त्याला नसतो, तरी तो चालूच राहतो. त्या अभ्यासात तो सापडलेल्या 18 रुग्णांपैकी एकाचाही पीएसए या दोन औषधांनी पुरेसा उतरला नाही. इथे पेशी हार्मोनवाचून चालते हे मान्य करायलाच हवं. पण रिसेप्टरवाचून नाही.

रिसेप्टरकडे बघण्याची गरज प्रोस्टेटपुरती नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर चित्र उलटं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अशा स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन दिलं जाई. काहींच्या गाठी आकसतही. पण आवाज घोगरा होई, चेहऱ्यावर केस येत. टॅमॉक्सिफेन आल्यावर तो उपचार मागे पडला. गाठी का आकसत, याचं पटेल असं उत्तर 2021 मध्ये ॲडलेडच्या संशोधकांनी दिलं: इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या गाठींत अँड्रोजेन रिसेप्टर चालू झाला की तो इस्ट्रोजेनच्या कामात अडथळा आणतो. प्रोस्टेटमध्ये वाढीला जुंपलेलं तेच प्रथिन इथे वाढीला लगाम घालतं. त्याला चालू करणारं एनोबोसार्म हे औषध अशा स्त्रियांवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तपासून झालंय, आणि त्या चाचणीत गाठींत अँड्रोजेन रिसेप्टर किती आहे हेही मोजलं गेलं.