काटा नाचतो म्हणून मीटर बदलू नकोस

चि. बाळास,

आयडलला आरपीएमचा काटा दीड ते तीन हजारांमध्ये डोलतो आणि गॅरेजवाला ‘नवं मीटर लावून टाकू’ म्हणतो, हे तुझ्या पत्रातून कळलं. मीटर मागवलं नसशील तर थांब. राजदूत ३५० वरचं मूळ मीटर एकदा काढून अडगळीत गेलं की तसं दुसरं मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५० वरून इथे आणली आणि काही वर्षांतच तिचं उत्पादन थांबलं. बाजारात मिळणाऱ्या नकली मीटरचा काटा सुंदर दिसतो, पण खरं सांगतोच असं नाही. आणि या गाडीत ते खरं सांगणं फार महत्त्वाचं. ३४७ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन खालच्या फेऱ्यांना सुस्त असतं आणि वर गेल्यावर एकदम उसळतं. सहा गिअर कधी बदलायचे, हे त्या काट्यावरच ठरतं.

पहिलं काम कानाचं. काटा डोलतो तेव्हा इंजिनचा आवाजही वरखाली होतो का, ते शांतपणे ऐक. आवाजही डोलत असेल तर मीटर खरं बोलतंय आणि दुखणं इंजिनाचं आहे. तेव्हा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी जोडावर थोडं पाणी शिंपडून बघ. आवाज बदलला तर रबराला चीर गेली आहे आणि तिथून हवा शिरते आहे. डाव्या बाजूचं क्रँक सील कोरडं पडलं तरी हेच होतं, आणि थ्रॉटल सोडल्यावर फेऱ्या लगेच खाली येत नाहीत, वरच अडकून राहतात. हे कधीही अंगावर काढू नकोस. टू-स्ट्रोकमध्ये जादा हवा शिरली की पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत इंजिन सीज होतं. असं असेल तर मीटरचा विचार सोड आणि इंजिनाकडे वळ. त्या काट्याने तुला वेळेत सावध केलं, एवढंच समज.

आवाज एकसारखा आणि काटा मात्र नाचरा, असं असेल तर दोष केबलमध्ये किंवा मीटरमध्ये आहे. वायरिंग तपासायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. या मीटरचा बॅटरीशी संबंध फक्त आतल्या दिव्यापुरता. इंजिनातून केबलची तार फिरते, ती मीटरमधलं चुंबक फिरवते, आणि चुंबकाच्या ओढीने अल्युमिनियमची एक वाटी काट्यासकट वळू पाहते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते. ओढ आणि स्प्रिंग यांचा जिथे मेळ बसतो, तिथे काटा थांबतो. म्हणून तार थोडी जरी अडखळली तरी काटा डोलतो. कोरडी किंवा मुरडलेली तार अडून पीळ धरते आणि मग झटक्यात सुटते. कमी फेऱ्यांना हे ठळक दिसतं, वेग वाढला की बरंच विरून जातं. तू लिहिलेली लक्षणं मला याच जातीची वाटतात.

तेव्हा केबल दोन्ही टोकांनी सोडव आणि आतली तार बाहेर ओढ. चौकोनी टोकं झिजून गोल झाली आहेत का, तारेचा एखादा धागा उसवलाय का, ते उजेडात नीट बघ. तार सरळ टेबलावर ठेवून बोटांनी फिरव. एका जागी ती उडी मारत असेल तर तिथे वाकली आहे, अशी तार परत घालू नये. चांगली असेल तर रॉकेलने धुऊन पूस आणि हलकंसं ग्रीस लाव. वरची पंधरा सेंटिमीटर मात्र अगदी कोरडी ठेव. याबाबतीत मी फार आग्रही आहे. ‘भरपूर ग्रीस मार’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण फिरत्या तारेवरून ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं, चुंबक आणि वाटीमध्ये चिकटतं आणि काटा वरच अडकतो. चांगली मीटरं यानेच मरतात. डायलच्या काचेवर आतून तेलाचा थर दिसला तर खाली इंजिनात केबल बसते तिथलं सील गेलं आहे आणि गिअर ऑइल वर येतंय. आधी ते सील बदलायला हवं.

केबल बसवताना टाकीखाली तिला तीव्र वळण पडू देऊ नकोस. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव. काटा हलला तर केबलची वाट चुकली आहे. नवी केबल घेतलीस तर तार जुन्या तारेशी लांबीला जुळवून बघ. जास्त लांब तार मीटरच्या दांड्यावर दाब देते आणि त्याची बेअरिंग खाते.

एवढं करूनही काटा शांत झाला नाही, तर केबलचं खालचं टोक ड्रिलमध्ये पकड आणि हळू, एकसारखं फिरव. इंजिनावर असताना मीटरकडचं टोक ज्या दिशेने फिरतं ती आधी पाहून ठेव, ड्रिलवरही तीच दिशा हवी. चांगल्या केबलवर, एकसारख्या वेगालाही काटा डोलत असेल, तरच मीटर उघडायचं. ते काम घरी करायचं नाही. कडेची पत्र्याची दुमड उलगडताना फाटते आणि स्प्रिंग एकदा वाकली की सरळ होत नाही. मागच्या भोकातून कसलाही स्प्रेसुद्धा मारू नकोस. जुनी मीटरं दुरुस्त करणारा माणूस शोध आणि डायल मूळचाच ठेवायचा, हे त्याला बजावून सांग.

या रविवारी तार काढलीस की दोन्ही टोकांचे जवळून फोटो पाठव, आणि आवाज डोलतो की नाही तेही लिही. मग केबल कोणती घ्यायची ते सांगतो.

तुझा,
मामा