न पटणारी बाजू मांडण्याची नीती

माध्यमिक शाळेतील इंग्रजी वाङ्मय मंडळाच्या बहुतेक उपक्रमांत विद्यार्थी दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या तोंडाने बोलतो. वक्तृत्वात तो कोणाचे तरी गाजलेले भाषण पाठ करून म्हणतो, नाट्यप्रवेशात शायलॉक किंवा लेडी मॅकबेथ होतो आणि वादविवादात वाट्याला आलेली बाजू लढवतो. एरवी मनात एक आणि ओठांवर दुसरे असले, तर त्याला खोटेपणा म्हणतात. शाळा मात्र हेच शिकवते आणि जो ते चांगले करील त्याला बक्षीसही देते. हे नीतीला धरून आहे का, हा प्रश्न जुना आहे. ग्रीक आणि भारतीय, दोन्ही परंपरांनी त्याचा गंभीरपणे विचार केला आहे.

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो वादविवादात. 1988 साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत दोन्ही संघांचे तीन-तीन वक्ते प्रत्येकी आठ मिनिटे बोलतात आणि शेवटी दोन्ही संघ चार-चार मिनिटांत समारोप करतात. काही विषय आधी कळवलेले असतात, तर काही तासभर आधीच हाती पडतात. कोणत्या बाजूने बोलायचे हे विद्यार्थी आपल्या मतानुसार ठरवत नाही. समजा, विषय ‘शाळांनी गृहपाठ बंद करावा’ असा आहे आणि गृहपाठ हवाच असे मानणारी मुलगी ठरावाच्या बाजूने उभी आहे. ती कागदाच्या मधोमध रेघ ओढते. डावीकडे आपले मुद्दे लिहिते आणि उजवीकडे प्रतिपक्ष काय म्हणेल ते. उजवा रकाना भराभर भरतो, कारण ती तिचीच मते असतात. डाव्या रकान्यासाठी तिला विचार करावा लागतो: घरी शिकवायला कोणी नाही त्या मुलाचे काय, संध्याकाळी कामाला जाणाऱ्याचे काय? हा विचार तिने याआधी कधी केलेला नसतो.

या मुलीवर पहिला आक्षेप खोटे बोलण्याचा येतो, पण तो फार टिकत नाही. असत्याची मीमांसा करताना संत ऑगस्टीनने फसवण्याच्या हेतूला महत्त्व दिले आहे. सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असते की बाजू वाटून दिलेल्या आहेत, म्हणून तिथे कोणाची फसवणूक होत नाही. 1595 साली प्रसिद्ध झालेल्या काव्यसमर्थनात फिलिप सिडनीने कवीचा बचाव असाच केला आहे: कवी काही खरे म्हणून ठासून सांगतच नाही, मग तो खोटे कसे बोलेल? मात्र हा बचाव श्रोत्यांना संकेत ठाऊक असेपर्यंतच चालतो. तेच भाषण उद्या त्याच मुलीचे मत म्हणून कोणी पसरवले, तर संकेत मोडतो आणि बचावही संपतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो शब्दांच्या खरेपणाविषयी नसून बोलणाऱ्याच्या घडणीविषयी आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात खंडनमंडनाची चटक लागलेल्या तरुणांचे वर्णन केले आहे. त्यांना समोरच्याला हरवण्यात मजा वाटते. अनेकांना हरवून आणि अनेकांकडून हरून अखेरीस त्यांचा कशावरच विश्वास उरत नाही. म्हणून प्लेटो तिशीपूर्वी कोणालाही या विद्येला हात लावू देत नाही. अशीच भीती रोममध्येही व्यक्त झाली. इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सचा दूत म्हणून रोमला गेलेल्या तत्त्वज्ञ कार्निआडीसने एके दिवशी न्यायाची थोरवी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचेच म्हणणे खोडून काढले. रोमचे तरुण भारावून गेले. रोमन राजकारणी थोरल्या केटोने मात्र या पाहुण्यांचे काम लवकर उरकून त्यांना परत पाठवावे असा आग्रह धरला. मुले न्यायाऐवजी युक्तिवादावर प्रेम करू लागतील, ही त्याची भीती होती.

ही भीती आधुनिक काळातही गेलेली नाही. थिओडोर रूझवेल्टने 1913 च्या आत्मचरित्रात, वक्त्याचे मत न विचारता बाजू नेमून देणाऱ्या स्पर्धांना स्पष्ट विरोध नोंदवला. 1954-55 मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन वादविवादाचा विषय होता, कम्युनिस्ट चीनला मान्यता द्यावी का. वेस्ट पॉइंट आणि अॅनापोलिस येथील लष्करी अकादमींनी आपल्या विद्यार्थ्यांना या विषयात भाग घेऊ दिला नाही. त्यानंतर 1957 मध्ये रिचर्ड मर्फी या वक्तृत्वाच्या प्राध्यापकाने दोन्ही बाजूंनी बोलण्याच्या प्रथेवरच लेख लिहिला. सार्वजनिक ठिकाणी उच्चारलेले मत ही बांधिलकी आहे, ती खेळ म्हणून वापरू नये, असे त्याचे म्हणणे होते.

या आक्षेपाला उत्तर देणाऱ्यांत जॉन स्टुअर्ट मिल अग्रणी आहे. ‘ऑन लिबर्टी’ (1859) मध्ये तो दाखवतो की ज्याला फक्त आपलीच बाजू ठाऊक आहे, त्याला तीही धड ठाऊक नसते. विरोधकाचा मुद्दा त्याच्या सर्वांत बळकट रूपात समजून घेतल्यावरच आपले मत हे मत होते, तोवर ती नुसती सवय असते. भारतीय शास्त्रग्रंथांची मांडणीच या तत्त्वावर उभी आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला उत्तर, मग सिद्धान्त, म्हणजे निर्णय. शंकराचार्यांच्या भाष्यात सांख्यांचा किंवा मीमांसकांचा पूर्वपक्ष विस्ताराने येतो, तेव्हा आचार्य स्वतःला न पटणारे म्हणणेच मांडत असतात. त्यावरून त्यांची निष्ठा ढिली होती असे कोणी म्हणत नाही.

दोन्ही बाजूंनी बोलावे की नाही, एवढ्यावर थांबले तर वाद सुटत नाही, कारण दोन्ही पक्षांत तथ्य आहे. कशासाठी बोलावे, हा प्रश्न न्यायदर्शनाने विचारला आणि तिथे वाट मोकळी होते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. वादात दोघे मिळून प्रमाण आणि तर्काने सत्य शोधतात. जल्पात जिंकणे हे ध्येय असते आणि त्यासाठी छल, म्हणजे शब्दांची ओढाताण, चालते. वितंडेत स्वतःची बाजू न मांडता नुसते खंडन केले जाते. चरकसंहितेतही वैद्यांच्या चर्चेचे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा असे दोन प्रकार आहेत, एक मैत्रीची आणि दुसरी झुंजीची. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात वाद कोणाशी करावा तेही सांगितले आहे: शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि आपले भले चिंतणारे, मत्सर नसलेले जाणते लोक. हे वर्णन शाळेच्या वर्गाला तंतोतंत लागू पडते. जल्प आणि वितंडाही सूत्रकार पूर्ण त्याज्य ठरवत नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी कुंपण घालावे तसे त्यांनी सत्याचे रक्षण करावे, असे ते म्हणतात.

यावरून शालेय स्पर्धेचे खरे दुखणे दिसते. विद्यार्थी न पटणारी बाजू मांडतो, हे ते दुखणे नव्हे. गुण, चषक आणि टाळ्या यांच्यामुळे वादाचा जल्प होतो, तिथे ते आहे. प्लेटोने वर्णन केलेले तरुण जल्पात वाढलेले होते. त्यांना वाद मिळाला असता, तर त्याच अभ्यासातून त्यांच्या हाती सत्याबद्दलची आस्था लागली असती.

नाटकालाही हीच कसोटी लावता येते. प्लेटोच्या मते दुष्टाची नक्कल करता करता दुष्टपणा अंगवळणी पडतो, म्हणून त्याच्या आदर्श राज्याचे रक्षक होणाऱ्या मुलांनी तशी सोंगे घेऊ नयेत. रसचर्चेतील भट्टनायकाचे मत याच्या उलट आहे. काव्यात भाव साधारणीकृत होतो. तो माझा, शत्रूचा किंवा तिऱ्हाइताचा अशी चौकट गळून पडते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या तिसऱ्या अंकातले शायलॉकचे भाषण बसवताना विद्यार्थ्याला हे कळते. ज्यूलाही डोळे, हात, भूक आणि जखमा असतात, हे तो कळवळून सांगतो आणि त्याच दमात सूडाचा हक्क मागतो. पहिला भाग म्हणताना सहानुभूती वाटते, दुसरा म्हणताना अंगावर काटा येतो. अपमानातून क्रौर्य कसे जन्मते, हे दोन्ही वाक्ये तोंडाने बोलल्याशिवाय आतून उमगत नाही. समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हा धडा इथे मिळतो.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. इंग्रजी ही त्यांची घरची भाषा नसते. 2014 साली अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला पुलावरून ढकलावे का, हा पेच लोकांपुढे ठेवला होता. परक्या भाषेत विचारले असता ‘ढकलावे’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण वाढले. परकी भाषा भावनेपासून थोडे अंतर निर्माण करते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. हे अंतर न पटणारी बाजू शांतपणे तपासायला उपयोगी पडते, पण त्यामुळेच बोललेल्या शब्दाचे वजन जाणवेनासेही होऊ शकते. इंग्रजीत लढवलेला विषय नंतर मराठीत बोलून पाहिला, की हे वजन परत येते.

यातून शिक्षकांची काही कर्तव्ये निघतात. एकाच विषयावर प्रत्येकाला आळीपाळीने दोन्ही बाजू द्याव्यात. प्रतिपक्षाचा मुद्दा, त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल गुण असावेत. निकालानंतर स्पर्धेची चौकट बाजूला ठेवून, आता तुला खरोखर काय वाटते आणि का, हे प्रत्येकाला विचारावे. मर्फी ज्या बांधिलकीचा आग्रह धरतो, तिची जागा इथे आहे. काही सीमाही पाळायला हव्यात. कोणत्याही मुलाला त्याच्या स्वतःच्या जातीच्या, धर्माच्या किंवा देहाच्या प्रतिष्ठेविरुद्ध बोलायला लावू नये, आणि सदसद्विवेकापोटी एखादी बाजू नाकारणाऱ्याला ती मुभा असावी. पूर्वपक्ष मांडण्याचा अधिकार सिद्धान्ताच्या शोधातून येतो. तो शोध चालू असेल, तर न पटणारी बाजू मांडणे ही सत्यनिष्ठेचीच साधना ठरते. तो थांबला, तर मनापासून पटलेली बाजूदेखील जल्प होऊन बसते.