सुईमागचे जीव

डायलिसिसचे चार तास संपत आले की सिस्टर फ्रिजमधून बारीकशी सिरिंज काढतात. रुग्णांच्या भाषेत ते ‘रक्त वाढवायचं इंजेक्शन’. आत असतं एरिथ्रोपोएटिन. निरोगी मूत्रपिंड हे संप्रेरक स्वतःच तयार करतं, निकामी मूत्रपिंडाला ते पुरेसं जमत नाही. त्या खाटेवर कंदमुळंही वर्ज्य मानणारे एखादे जैन गृहस्थ असतील, तर हे औषध आलं कुठून, हा त्यांच्यासाठी धर्माचाच प्रश्न आहे.

रक्त वाढवण्याचा निरोप मूत्रपिंडातून जातो, हे शिकागोच्या लिऑन जेकबसन, यूजीन गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवलं. कसं? उंदरांचे वेगवेगळे अवयव काढून. बाकीचे अवयव काढले तरी रक्त वाढवण्याची प्रक्रिया चालू राहायची. मूत्रपिंडं काढली की थांबायची. पुढे मेंढ्यांना मुद्दाम रक्तक्षय घडवून त्यांच्या रक्तातून हे संप्रेरक वेगळं काढायच्या खटपटीत गोल्डवासर यांची कितीतरी वर्षं गेली. शुद्ध संप्रेरक अखेर मिळालं ते माणसांच्या लघवीतून. जपानमधले डॉक्टर ताकाजी मियाके यांनी गंभीर रक्तक्षयाच्या रुग्णांची २५५० लिटर लघवी जमवून आटवली. १९७७ मध्ये त्यातून हाती आलं जेमतेम ८ मिलिग्रॅम.

जैन विचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, शेत नांगरताना जीव मरतात, ते गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, मात्र त्यालाही निषिद्ध. प्रयोगशाळेतला चाकू ठरवूनच चालतो. तिथल्या हिंसेला आरंभी हिंसेच्या पदराआड लपवणं अप्रामाणिक ठरेल.

प्रयोगशाळेत ‘उंदीर मारला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘सॅक्रिफाइस केला’ म्हणतात. शब्द यज्ञातला, पण बळी देणाऱ्याने स्वतःचं काय सोडलं? आणि उंदराला तर कुणी विचारलेलंच नसतं. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जीव वाचवणारं किंवा नवं ज्ञान देणारं संशोधन प्राण्यांवर करायला मुभा दिली. कायद्यापुरतं ते मिटलं. मनापुरतं मिटत नाही.

कारण प्रत्येक प्रयोगाचं फळ मिळतंच असं नाही. हेच संप्रेरक मेंदूलाही वाचवतं, असं २००० च्या सुमारास प्राण्यांमध्ये दिसलं: मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांना ते दिलं, की इजा कमी व्हायची. मोठी आशा निर्माण झाली. मग जर्मनीत पक्षाघाताच्या ५२२ रुग्णांवर चाचणी झाली. २००९ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट औषध घेतलेल्यांमध्ये मृत्यू जास्त, १६.४ टक्के, न घेतलेल्यांमध्ये ९. मूत्रपिंडाच्या रुग्णाला निदान म्हणता येतं की मूत्रपिंडं काढलेल्या त्या उंदरांमुळे आपण चालतोफिरतो. मेंदूच्या प्रयोगांतल्या उंदरांच्या नावाने असं म्हणणारं कोण आहे?

जपानमध्ये याला एक उत्तर रूढ आहे. तिथल्या अनेक विद्यापीठांत आणि औषध कंपन्यांत दरवर्षी ‘इरेइसाइ’ होतं, प्रयोगात गेलेल्या प्राण्यांच्या आत्म्यांसाठी. दगडी स्मारकापुढे प्राध्यापक, विद्यार्थी आणि पिंजरे साफ करणारे कर्मचारी रांगेने येतात, फुलं ठेवतात, मान लववून स्तब्ध उभे राहतात. ज्या उंदराचा काही उपयोग झाला नाही, त्यालाही त्यात जागा असते. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून त्याचे उपकार मानणारी माणसं आहेत. आपल्या संशोधन संस्थांनीही वर्षातला एक दिवस असा ठेवावा. त्याने हिंसा पुसली जाणार नाही. पण मारलेल्या जिवाला नुसता आकडा मानायची सवय तरी मोडेल.

दुसरी वाटही आपल्या ओळखीची आहे. देवीपुढे बकऱ्याऐवजी कोहळा कापायची रीत अनेक घरांत आहे. औषधशास्त्रानेही आपला कोहळा शोधला. आज एरिथ्रोपोएटिन बनवतात ते पेशींमध्ये. त्या पेशींचं मूळ १९५७ मध्ये एका चिनी हॅमस्टर मादीच्या अंडाशयातून काढलेल्या पेशींत आहे. ती मादी केव्हाच गेली, तिच्या पेशी स्टीलच्या टाक्यांमध्ये अजून दुप्पट होत आहेत. तरीही पेशींतून निघालेल्या त्या औषधाची ताकद मोजायला युरोपच्या औषधसंहितेने वर्षानुवर्षं जी चाचणी सांगितली, ती होती जिवंत उंदरांवरची.