साक्षी आणि धूर

‘साक्षी’ या संकल्पनेला भारतीय दर्शनांत मोठी प्रतिष्ठा आहे. सांख्यदर्शनातील पुरुष, म्हणजे केवळ चैतन्यस्वरूप असलेले तत्त्व, हा द्रष्टा, मध्यस्थ आणि अकर्ता मानलेला आहे; प्रकृतीचा सारा व्यापार त्याच्यासमोर चालतो, परंतु तो त्यात गुंतत नाही. मात्र जे दिसले त्याची काही जबाबदारी पाहणाऱ्यावर येते का, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि त्याचा विचार करताना अमेरिकेतील वणव्यांच्या टेहळणीचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.

1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या भागांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले आणि किमान 85 माणसे दगावली. त्या आघातानंतर डोंगरमाथ्यांवर टेहळणीच्या चौक्या झपाट्याने वाढल्या. वॉशिंग्टन राज्यातील 6,102 फूट उंचीच्या डेसोलेशन शिखरावरील चौकी ही त्यांपैकीच एक असून, 14 फूट लांब-रुंद अशा त्या लाकडी खोलीला चारही बाजूंनी खिडक्या आहेत. अशा खोलीच्या मध्यभागी ऑसबोर्न यांनी तयार केलेले दिशादर्शक यंत्र असे: गोल नकाशाभोवती फिरणारे कडे, त्याच्या एका टोकाला बारीक भोक आणि समोरच्या टोकाला ताणलेला घोड्याचा केस. भोकातून पाहत तो केस धुराच्या रेषेवर आणला की धुराची दिशा अंशांत कळे. वीज कडाडत असताना टेहळ्या काचेचे पाय असलेल्या स्टुलावर उभा राही. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान, हे न्यायशास्त्राचे प्रसिद्ध उदाहरण येथे रोजच्या कामाचा भाग होते.

1956 च्या उन्हाळ्यात या चौकीवर 63 दिवस राहिलेला लेखक जॅक केरुआक बौद्ध ग्रंथांचा अभ्यासक होता, आणि त्याच्याआधी जवळच्या सावरडो पर्वतावर टेहळणी केलेले गॅरी स्नायडर व फिलिप व्हेलन हे कवीही बौद्ध मार्गाकडे वळलेले होते. महायान परंपरेतील अवलोकितेश्वराच्या नावातच खाली, जगाकडे पाहणे आहे. पण त्याचे पाहणे सांख्यातील पुरुषासारखे तटस्थ नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तो आठ महाभयांपासून भक्तांना सोडवताना कोरलेला आहे आणि त्या भयांत अग्नीही आहे. त्याच्या ठायी अवलोकन आणि करुणा वेगळी काढता येत नाहीत.

तथापि करुणेलाही प्रज्ञेची, म्हणजे वस्तूचे यथार्थ स्वरूप जाणण्याची, जोड लागते. 1935 मध्ये अमेरिकन वनसेवेने दिसलेला प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजेपर्यंत आटोक्यात आणण्याचा नियम केला. हेतू रक्षणाचा होता. परंतु लहान वणव्यांत एरवी जळून जाणारा पालापाचोळा आणि झुडपे अनेक जंगलांत साचत गेली, त्यामुळे पुढचे वणवे अधिक उग्र होण्यास वाव मिळाला, आणि ठरावीक काळाने येणारी आग हा काही जंगलांच्या जीवनक्रमाचाच भाग आहे हे उमगल्यावर 1978 मध्ये तो नियम सोडून देण्यात आला.

म्हणून निव्वळ अलिप्त साक्षित्व अपुरे आहे, आणि दिसताच धावून जाणे हेही अपुरेच. धूर दिसल्यावर तो कशाचा आहे आणि कोणाला जाळणार आहे हे नीट जाणून मगच हात उचलणे, हाच साक्षीचा धर्म होय.